तार देणारी

माझा उजवा हात एके काळी चारशे बारा ठिकाणी कामाला होता. इचलकरंजीत होता, मालेगावात होता, भिवंडीत होता, पुढंपुढं तर समुद्रापलीकडच्या दोन देशांतही होता. मी स्वतः मात्र त्या वेळी घरात बसून भेंडी चिरत असायची. हे सांगितलं की लोक हसतात, म्हणून आधी कामाचं सांगते आणि मग हाताचं.

कापड विणायचं तर मागावर बीम चढवावा लागतो. बीम म्हणजे सुताच्या चार-पाच हजार उभ्या तारा गुंडाळलेला भला मोठा रूळ. यातली प्रत्येक तार आधी वहीच्या, म्हणजे मागावर तारा वरखाली करणाऱ्या चौकटीच्या, बारीक डोळ्यातून आणि मग फणीच्या दातांमधून ओवून घ्यावी लागते. साध्या कापडाला वह्या कमी, नक्षीच्या कापडाला बारा-सोळा. एक तार चुकीच्या वहीत गेली तरी कापडावर शेवटपर्यंत रेघ पडते आणि व्यापारी माल परत पाठवतो. या ओवण्याला आमच्याकडं वहिफणी म्हणतात, आणि त्याला माणसं दोन लागतात. एक जण बीमच्या मागं बसून तार निवडून पुढं धरतो, तो तार देणारा. दुसरा पुढं बसून डोळ्यातून आकडा, म्हणजे बारीक हूक, घालतो आणि तार ओढून घेतो, तो ओढणारा. मजुरी ओढणाऱ्याला जास्त, कारण बघणाऱ्याला कसब त्याच्याच हातात दिसतं.

मी ओढणारी. विजयमाला हावळ. तार देणारी माझी थोरली जाऊ मंदाकिनी, जिला सगळी गल्ली मंदाक्का म्हणते. पूर्वी हे काम पुरुषांचं होतं. पुरुष दुसरीकडं पांगले तसं ते आम्हा बायकांच्या वाट्याला आलं, आणि आम्ही दोघी एकवीस वर्षं एकमेकींच्या समोर बसलो. मधे फक्त तारांचा पडदा.

त्यातली शेवटची सहा वर्षं आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत ‘आपले विनीत’खाली सगळ्या भावकीची नावं छापली आणि नेमकं मंदाक्काचं राहिलं. तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते, त्यामुळं ते तिला जास्तच लागलं. छापखान्याची चूक, आमच्या ह्यांची चूक, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. खरं तर छापायच्या आधीचा कागद मीच वाचून दिला होता. मंदाक्का लग्नाला आली, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या ठोक्याला बीमच्या मागं येऊन बसली, पण तोंड शिवून. तोंड बंद ठेवणं दोघींना परवडत होतं, काम बंद ठेवणं परवडत नव्हतं.

त्याआधी डिझाईनचा कागद तिच्यापाशी असायचा. “एक, पाच, दोन, सहा” असं वहीचा नंबर म्हणत ती तार द्यायची आणि मी त्या वहीत आकडा घालायची. अबोला सुरू झाल्यावर हे म्हणणंही थांबलं. मी डिझाईनचा कागद माझ्यासमोर चिकटवून घेतला. पहिले पंधरा दिवस फार चुका झाल्या. मग हळूहळू काम पूर्वीसारखं चाललं, आणि वर्षभरात पूर्वीपेक्षाही जलद चालायला लागलं. गावात आमच्याइतकी भरभर वहिफणी कुणाची नव्हती. माझा हात तयार झाला, असं मी समजले. माझ्या हातावर मी खूश होते, हे लपवत नाही.

मग सूत्रहस्त कंपनीचे लोक आले. त्यांच्यातला अद्वैत शेवडे नावाचा पुण्याचा इंजिनियर आठ महिने आमच्या गावात राहिला. वहिफणीची यंत्रं तेव्हाही होती, पण ती महागडी आणि नाजूक. सूत एकसारखं, वह्या नव्याकोऱ्या, असं असलं तरच चालायची. आमच्याकडं सूत चिकट, वह्या वाकलेल्या, डोळे गंजलेले. माणसाच्या बोटांना ते समजतं, यंत्राला समजत नव्हतं. ते समजावून द्यायला अद्वैतनं हातमोजे आणले होते. दिसायला साधे, पण कापडातच बारीक संवेदक विणलेले. बोट किती वाकलं, किती दाब पडला, पंजाच्या स्नायूतून विजेची केवढी लहर गेली, हे सगळं सेकंदाला हजार वेळा टिपलं जायचं. मी नियम सांगायचे आणि यंत्रानं ते पाळायचे, असा प्रकारच नव्हता. यंत्र फक्त बघत राहणार आणि आता हा हात पुढं काय करेल याचा अंदाज बांधणार. अंदाज चुकला की सुधारणार. लाखो तारांनंतर अंदाज चुकायचाच थांबतो, आणि मग खऱ्या हाताची गरज उरत नाही. हे शेवटचं वाक्य अद्वैतनं मला सांगितलं नव्हतं, ते माझं मला नंतर कळलं.

मोज्यांची जोडी एकच होती. ती ओढणारीच्या हातात घालायची हे कुणी ठरवलंसुद्धा नाही, ते धरूनच चाललं होतं. तीन महिने मी मोजे घालून ओढत होते आणि मंदाक्का उघड्या हातांनी तार देत होती. शेवटी एक अर्ज भरायचा होता. त्यात एक रकाना होता, ‘सहाय्यक कोणी असल्यास नाव’. अद्वैतनं विचारलं, काय लिहू? अबोला धरलेल्या बाईचं नाव आपल्या तोंडानं घ्यायचं म्हणजे नमतं घेणं. मी म्हटलं, नाही म्हणून लिहा. माझं नाव घालायला मी इतकी उतावीळ होते की तिचं नाव दुसऱ्यांदा गाळलं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दोन वर्षांत ते यंत्र गावभर झालं. त्याच्यामागून आणखी यंत्रं आली, कारण धाग्याशी हळुवार वागणारा हात एकदा तयार झाला की तो वायरिंगला चालतो, जाळी विणायला चालतो, शिवणाला चालतो. वहिफणीवाले गेले, कांड्यांवर सूत भरणाऱ्या कांडीवाल्या गेल्या, मागांची दुरुस्ती करणारे जॉबर गेले. आमचे हे जॉबरच होते. पंचवीस वर्षं मागाचा नुसता आवाज ऐकून दुखणं ओळखणारा माणूस दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मोटरसायकलीचे आवाज ऐकत बसू लागला. कापड मात्र पूर्वीपेक्षा दुप्पट निघत होतं. गाव गरीब झालं नव्हतं, गावातली माणसं गरीब झाली होती.

तेव्हा सरकारनं आमच्या तालुक्यात प्रयोग म्हणून ‘नागरी हिस्सा’ सुरू केला. स्वयंचलित यंत्रांवर उपकर बसवायचा आणि तो पैसा तालुक्यातल्या प्रत्येक सज्ञान माणसाला दरमहा सारखा वाटायचा. काम करतोस का, करत नाहीस तर का, घरात कोण कमावतं, काही विचारायचं नाही. माणशी नऊ हजार. श्रीमंतालाही नऊ आणि भिकाऱ्यालाही नऊ. गावात दोन तट पडले. फुकट खाऊन माणसं आळशी होतील असं अर्धं गाव म्हणत होतं, आणि तेही हिस्सा घेतच होतं.

मी एकटी घेत नव्हते. माझा हात यंत्रात असल्यामुळं कंपनी मला दरमहा कौशल्यधन द्यायची, हिश्शाच्या चौपट, आणि ते घेणाऱ्याला हिस्सा सोडावा लागायचा. मी मोठ्या तोऱ्यात सोडला. माझं कमावलेलं होतं. भिंतीपलीकडं मंदाक्का राहायची, आणि हिस्सा सुरू झाल्यावर तिनं काय करावं, तर पेटी शिकायला लागली. साठीच्या घरात. सकाळी अकरा वाजले की भिंतीतून सारेगम यायचं, आणि गंधारावर हमखास बोट चुकायचं. दुपारी गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेऊन आणायची, वाचनालयात बसायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हाताला काम नाही, पोटाला फुकट, म्हणून हे सुचतं, असं मी ह्यांच्याशी बोलायची, भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात.

प्रयोगाची मुदत संपत आली तेव्हा हिस्सा पुढं चालू ठेवायचा की नाही हे ठरवायला जनसुनावणी जाहीर झाली. कंपन्यांनी उपकराविरुद्ध अर्ज केला होता. त्यांचं म्हणणं ऐकायला सरळ होतं. यंत्रात ज्याचं कौशल्य आहे त्याला आम्ही पैसे देतो आणि देत राहू. बाकीच्यांकडून यंत्रानं काय घेतलं, म्हणून त्यांना द्यायचं? ज्याचं काम त्याला दाम. हे पटवायला त्यांना एक साक्षीदार हवा होता, आणि सगळ्यात चांगला साक्षीदार मी होते. साधी बाई, आठवी शिकलेली, आणि जिचा हात चारशे बारा ठिकाणी.

सुनावणीच्या पंधरा दिवस आधी अद्वैत घरी आला. पाच वर्षांत त्याचे केस विरळ झाले होते. चहा झाला आणि त्यानं सांगितलं की यंत्रात एक अडचण आहे, ती पहिल्यापासून होती, आता वाढली आहे. साध्या कापडाला यंत्र झकास चालतं. नक्षीच्या कापडाला, वह्या जुन्या असल्या की, ते घोटाळे करतं. त्यांनी सगळी नोंद पुन्हा तपासली तेव्हा त्यांना एक विचित्र गोष्ट सापडली. प्रत्येक तारेआधी माझा हात थांबतो.

“सेकंदाचा पाचवा भाग, काकू. दरवेळी. आम्हाला वाटलं, ही थकव्याची खोड असेल, म्हणून ते थांबणं काढून टाकलं. काढलं की चुका तिपटीनं वाढतात. ठेवलं तर यंत्र थांबतं, कशाची तरी वाट बघतं, ते येत नाही, आणि मग अंदाजानं कुठंतरी आकडा घालतं. तुम्ही कशासाठी थांबायचात?”

मी म्हटलं, मी कशाला थांबेन? मी कधीच थांबत नव्हते. त्यानं मला गावाबाहेरच्या त्यांच्या शेडमध्ये नेलं. तिथं एक जुना बीम लावला होता, आमच्याच वेळच्या सोळा वह्या, आणि समोर डिझाईनचा कागद. बीममागं माणूस नव्हता. एक चिमटा तार उचलून बरोबर मधोमध पुढं धरत होता. अद्वैत म्हणाला, पूर्वीसारखं ओढून दाखवा. मी बसले. पाच वर्षांनी आकडा हातात आला, बरं वाटलं. पहिल्या वीस-पंचवीस तारा साध्या काठाच्या होत्या, त्या गेल्या. मग हात वर गेला आणि तिथंच राहिला.

मला पुढची वही माहीत नव्हती. कागदाकडं पाहिलं, नंबर शोधला, वही मोजली, आकडा घातला. पुन्हा तार आली, पुन्हा हात अधांतरी. मला दर तारेला कागद वाचावा लागत होता. जो कागद मी सहा वर्षं डोळ्यांसमोर चिकटवून ठेवला होता तो मी त्या सहा वर्षांत वाचलाच नव्हता, हे मला त्या शेडमधल्या लोखंडी स्टुलावर बसून कळलं. मग मी वाचत काय होते? मी डोळे मिटून आठवून पाहिलं. मंदाक्काची बोटं. ती तार मधोमध कधीच धरायची नाही. ज्या वहीत ती जायची त्या वहीच्या मागं, तेवढ्या उंचीवर, जरा डावीकडं किंवा उजवीकडं धरायची आणि हलकासा हिसका द्यायची. तो हिसका आला की माझा आकडा तिकडं जायचा. अबोल्यामुळं तिनं तोंडानं म्हणायचं सोडलं होतं आणि तेच बोटांनी म्हणत राहिली होती, सहा वर्षं, कुठंही न चुकता. डिझाईन तिच्या डोक्यात होतं. माझा हात फक्त हो म्हणत होता.

मी आकडा खाली ठेवला. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त होतं. अद्वैतनं सगळं ओळखलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं मला पाणी दिलं आणि खाली बघत कंपनीचा निरोप सांगितला. त्या दुसऱ्या बाईंना गाठून त्यांच्या हाताची नोंद घ्यायची, मदतनीस म्हणून एकदाच काहीतरी रक्कम द्यायची. अर्जात आधी जे लिहिलंय ते तसंच राहू द्यायचं. सुनावणीत मी एवढंच सांगायचं की हा हात माझा आहे आणि मला त्याचा योग्य मोबदला मिळतो. माझं कौशल्यधन तहहयात चालू राहील, तसा कागद करून देतील.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, तू काय चोरी केलीस? मोजे तुझ्या हातात घातले, तू घातलेस. पुढचं सगळं कंपनीनं केलं. मी म्हटलं, मी कंपनी म्हणते तसं बोलले तर सगळ्यांचा हिस्सा जाईल, मंदाक्काचाही जाईल, तिला दुसरं काही नाही. ते म्हणाले, तू उलट बोललीस तर आपलं जाईल, आणि हिस्सा तरीही राहील याची खात्री कोण देतं? दोन्हीकडून जाशील. त्यांचं चुकत नव्हतं. अख्खं आयुष्य दुसऱ्याचे माग दुरुस्त करून त्यांना कुणी एकदाही सन्मानानं पैसा दिला नव्हता, आणि आता घरात तो बायकोच्या हातानं येत होता. पंधरा दिवस आम्ही एका ताटापुरतं बोललो. भिंतीपलीकडं पेटी चालूच होती.

सुनावणी नाट्यगृहात झाली. व्यासपीठावर समितीची तीन माणसं, मधे एक निवृत्त न्यायाधीश बाई. सभागृह खच्चून भरलेलं. कंपनीच्या वकिलांनी पडद्यावर माझा हात दाखवला, म्हणजे यंत्राचा, निळ्या रेघांचा, आकडा घालणारा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी मला विचारलं, हा हात आपलाच का? मी मंदाक्का कुठं बसली आहे ते शोधत होते. ती मधल्या रांगेत होती, दोन्ही म्हाताऱ्यांच्या मधे.

मी म्हटलं, “हात माझाच हाय. पण ह्यो हात वाट बघतोय ते दिसालंय का तुमास्नी? तो माझ्या जावंच्या हाताची वाट बघतोय. मंदाकिनी हावळ. काम ती करत हुती. अर्जात मी तिचं नाव लिवलं न्हाई.”

सभागृहात कुजबुज झाली. वकिलांनी मला थांबवायचा प्रयत्न केला. न्यायाधीश बाईंनी त्यांनाच थांबवलं आणि मला विचारलं की मग कौशल्यधनाचा अर्धा वाटा मंदाकिनीबाईंना दिला तर हा प्रश्न सुटेल, असं मला म्हणायचं आहे का. प्रश्न रास्त होता. मी घरून उत्तर तयार करून आणलं नव्हतं. पण मंदाक्काला कुणी शिकवलं हे मला माहीत होतं. आमच्या सासूनं. सासूला सोलापूरच्या एका विणकरिणीनं. आणि सायझिंगच्या कारखान्यात खळ शिजवणारा माणूस सुताला नीट खळ देत नसता तर माझ्या आकड्याला तार धरताच आली नसती. मी बीमवर बसायची तेव्हा माझी लेक शेजारच्या घरात खेळायची, तिला कुणीतरी भरवायचं, त्या बाईचा हातसुद्धा कुठंतरी त्या निळ्या रेघांत होताच. हे सगळं मी सांगत गेले, माझ्या बोलीत, अडखळत.

“किती जणांस्नी शोधणार, बाई? आमच्यात लग्नपत्रिकेत येक नाव ऱ्हायलं तर अकरा-अकरा वर्सं बोलणं बंद पडतंय. यंत्राची पत्रिका छापायला काढली तर सगळ्या गावाची नावं घालाय लागतील, मेलेल्यांची बी. तरीबी कुणाचं तरी ऱ्हाणारच. त्यापरीस नावंच इचारू नगा. समद्यांस्नी सारखं द्या.”

कुणीतरी टाळी वाजवली आणि बाकीच्यांनी उचलून धरली. मला त्या टाळ्यांचं काही वाटलं नाही. मी खुर्चीवर येऊन बसले तेव्हा ह्यांची शेजारची खुर्ची रिकामी होती.

आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. अर्जात खोटी माहिती दिल्यानं करार रद्द, कौशल्यधन बंद. समितीचा निर्णय महिन्यानं आला. हिस्सा चालू ठेवायचा, पण सध्या एकच वर्ष, मग पुन्हा बघू. गावानं फटाके वाजवले. आमच्या घरात ह्यांनी दूरचित्रवाणीचा आवाज मोठा केला आणि पुष्कळ दिवस तो तसाच मोठा राहिला.

सुनावणीनंतर तिसऱ्या दिवशी मी मंदाक्काच्या घरी गेले होते. अकरा वर्षांत तिचा उंबरा ओलांडला नव्हता. ती गवार निवडत बसली होती. तिनं बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. मी खाली बसले, थोडी गवार पुढ्यात ओढली आणि विचारलं, “तुला म्हाईत हुतं?”

“पयल्या दिवसापासनं. यंत्र अडकतंय आसं गावात ऐकलं तवाच म्हटलं, ह्याला तार कोण देणार?”

“मग बोलली का न्हाईस? अर्धं तरी मिळालं आसतं.”

तिनं हातातली शेंग मोडली, दोरा काढला. घाईनं बोलणं तिच्या स्वभावात नाही. मग म्हणाली, “बोलले आसते तर तुझं बंद पडलं आसतं. तुझ्या घरात तेवढंच येत हुतं, भाऊजी बसून हुते. मला हिस्सा हुता. पोट भरत हुतं. पोट भरत आसलं की माणसाला गप ऱ्हाता येतंय, विजू. भरत नसतं तर मी पयल्याच दिवशी कंपनीच्या दारात तुझ्या झिंज्या उपटल्या आसत्या.”

ज्या फुकटच्या पैशाला मी तीन वर्षं भिंतीआडून नावं ठेवत होते, त्या पैशावर ती मला पोसत होती. माझी कमाई म्हणून मी जी मिरवत होते ती तिच्या गप्प बसण्यावर चालली होती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. मी पडले नाही, कारण तिनं पडू दिलं नसतं. आम्ही गवार निवडून संपवली. पत्रिकेबद्दल दोघींनीही काही काढलं नाही, आणि माफी मी अजून मागितलेली नाही.

मंदाक्कानं मोजे घालायला नकार दिला. कंपनीचं काही अडलं नाही. त्यांनी दुसऱ्या गावातली एक जोडी शोधली, या वेळी मोज्यांच्या दोन जोड्या नेल्या, आणि चार महिन्यांत नवा हात तयार झाला. अद्वैतनं फोन करून सांगितलं, त्याला ते सांगताना वाईट वाटत असावं. एका सोमवारी चारशे बारा ठिकाणची यंत्रं एकाच वेळी बदलली गेली. सूचना येते, यंत्र मिनिटभर बंद होतं आणि पुन्हा सुरू होतं. त्या मिनिटाला मी काय करत होते, ते मी नंतर आठवून पाहिलं. बहुतेक कपडे वाळत घालत होते. माझा हात आता कुठंही नाही. असला तर माझ्या खांद्याला.

हे अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. परवा म्हणाले, खरं बोललीस ते बरं केलंस, पण मला विचारायला पाहिजे होतंस. मी म्हटलं, विचारलं होतं. ते म्हणाले, विचारलं नव्हतंस, सांगितलं होतंस. तेही खरंच आहे.

सोडलेला हिस्सा पुन्हा सुरू करायला नोंदणी केंद्रात स्वतः जावं लागतं. माझे पाय तिकडं वळेनात. पंधरा दिवस आज जाते, उद्या जाते, असं चाललं. शेवटी मंदाक्का एका सकाळी पायात चपला घालून दारात उभी राहिली. रांग लांब होती. खिडकीत एक तरुण मुलगी होती. नाव विचारलं, पत्ता विचारला, जन्मतारीख विचारली, एक सही घेतली आणि म्हणाली, झालं, पुढच्या महिन्यापासून सुरू होईल.

मी म्हटलं, “मी काम काय करत होते ते लिहून घेणार नाही?”

“ते लागत नाही, मावशी. कुणाचंच विचारत नाही आम्ही.”

मला माहीत होतं. नावं विचारू नका, कामं विचारू नका, हे भर सभागृहात मीच सांगितलं होतं, आणि आजही पुन्हा तेच सांगेन. एका मिनिटात माझं झालं होतं आणि मागून माणसं पुढं सरकत होती, तरी मला खिडकी सोडवेना. एकवीस वर्षं होती ती. कुणीतरी एकदा विचारावं असं मला फार फार वाटत होतं, आणि ते वाटतंय याची लाजही वाटत होती. मागून मंदाक्काचा हात माझ्या पाठीवर आला. मला वाटलं, चल म्हणेल. ती खिडकीकडं वाकली.

“लागत नसलं तरी आयकून घे, बाळ,” ती त्या मुलीला म्हणाली. “ती सांगंल तेवढं.”

मुलीनं रांगेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पेन खाली ठेवून ती म्हणाली, सांगा. आणि सुरुवात कुठून करावी तेच मला सुचेना.